कॅम्पवरचं हसू

डिसेंबरातला रविवार, दुपारची वेळ. आयला कोस्केलानं बेकरीतून पर्शियनचा खोका घेतला, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला, वर त्याला पट्टाही बांधला, आणि ती रेज बुशारच्या घराकडे निघाली. पर्शियन म्हणजे तळलेल्या गोड पावावर गुलाबी आयसिंगचा थर. कॅनडातल्या या थंडर बेच्या बाहेर हा प्रकार कुणाला ठाऊक नाही आणि गावात त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. आयला आठवडाभर दवाखान्यात लोकांचे दात साफ करते, साखर खाऊ नका म्हणून ज्याला त्याला दटावते आणि रविवारी स्वतः अर्धा खोका फस्त करते. कुणी बोलून दाखवलंच तर म्हणते, माझे दात, माझा रविवार.

रेज जन्मभर नगरपालिकेचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवून निवृत्त झालेला. अंगानं आडवा आणि आवाजानं त्याहून आडवा. त्याच्या तळघरात ही दोघं दर रविवारी एका जुन्या व्हिडिओ गेमबद्दल गप्पा मारायची, त्या रेकॉर्ड करायची आणि इंटरनेटवर टाकायची. जगभरातली दोन-चारशे रिकामटेकडी माणसं त्या मन लावून ऐकायची. रेजची बायको बर्निस या उद्योगाला 'खुळ्यांची आकाशवाणी' म्हणायची आणि वरून कॉफी पाठवायची.

गेमचं नाव 'हॉलिस, घरी ये'. त्यात मारामारी नाही, राक्षस नाहीत, गुणबिण मिळत नाहीत. हॉलिस नावाचा कोटातला एक माणूस तळ्याकाठच्या रिकाम्या घरात परत येतो आणि तुम्ही न्याल त्या खोलीत जातो. तिथं त्याला काहीतरी आठवतं आणि तो ते बोलून दाखवतो. संपलं. गंमत एवढीच की त्याची एक आठवण दुसरीशी जुळेल तर शपथ. जिन्यात म्हणतो, मी एकुलता एक. माळ्यावर म्हणतो, बहिणीनं मला इथूनच ढकललं होतं. बैठकीत त्याचे वडील खलाशी असतात, न्हाणीघरात पाद्री होतात. आता हा माणूस खोटं बोलतो, की विसरतो, की दुसऱ्याच कुणाचं स्वतःचं म्हणून सांगतो, यावर शहाण्यासुरत्या माणसांनी वर्षानुवर्षं भांडणं केलेली आहेत. ज्या कंपनीनं गेम काढला ती कधीच बुडाली. लिहिला कुणी, ते कुणालाच माहीत नाही.

रेज आणि आयलाचा खाक्या ठरलेला. एकानं हॉलिसच्या आयुष्याबद्दल तर्क मांडायचा, दुसऱ्यानं तो पाडायला बघायचं. नाहीच पडला तर टेबलावरची पितळी घंटी वाजवायची. एकदा टिंग झालं की ते पक्कं. दोनदा वाजली तर आधीचं पक्कं रद्द. रद्द करायची वेळ फारशी येत नसे, कारण चूक कबूल करण्यापेक्षा आयलाकडून दात उपटून घेणं रेजला परवडलं असतं.

त्या रविवारचा विषय होता स्वयंपाकघरातलं वाक्य. हॉलिस खिडकीपाशी उभा राहतो, बाहेर बघतो आणि म्हणतो, "त्या दिवशी आम्ही कॅम्पवर होतो, आणि आई..." आणि थांबतो. पुढं नुसती तळ्याच्या पाण्याची चुबुकचुबुक. झालं, या एका शब्दावर जग तुटून पडलेलं. टेक्सासमधल्या एका गृहस्थाच्या मते हा सैन्याचा कॅम्प, म्हणजे हॉलिस पळून आलेला शिपाई. जर्मनीतल्या एका प्राध्यापकांनी कैद्यांची छावणी ठरवून त्यावर पानंच्या पानं लिहिलेली. ब्राझीलमधली एक मुलगी म्हणे, शाळेच्या सहलीचा कॅम्प. आपला एखादा पुणेकर असता तर त्यानं हॉलिसला केक आणायला पाठवलं असतं.

हे सगळं रेज वाचून दाखवत होता आणि आयला खुर्चीत बसल्या बसल्या हसून बेजार झाली होती.

"अरे, कॅम्प म्हणजे कॅम्प," ती म्हणाली. "तळ्यावरचा. आपला. त्यात एवढं डोकं काय खाजवायचं?"

रेजचा हात खोक्यात तसाच राहिला. बाकीचा देश ज्याला कॉटेज म्हणतो, त्या तळ्याकाठच्या लाकडी खोपटाला थंडर बेची माणसं कॅम्प म्हणतात. दोघं हा शब्द जन्मापासून बोलत आलेली, आणि इतकी वर्षं हॉलिसच्या तोंडून ऐकूनही त्यांच्या टाळक्यात प्रकाश पडला नव्हता. म्हणजे हॉलिस इथलाच. आपल्या गावचा. रेजला इतका आनंद झाला की त्यानं बर्निसला जिन्यातून हाक मारून ही बातमी सांगितली. बर्निसनं वरून विचारलं की मग त्याला जेवायला थांबवायचं का.

"बरं, गावचा तर गावचा," रेज माइककडे वळून म्हणाला. "पण आई पुढं काय? कॅम्पवर त्याच्या आईनं केलं काय? बोला, कोस्केलाबाई."

आता इथं आयलाच्या आईबद्दल सांगायला हवं. तिचं नाव हेल्वी. घर फिनिश, त्यामुळं मुलं तिला आइती म्हणायची. त्यांच्या भाषेत आई म्हणजे आइतीच, आणि आपल्या कानाला हा शब्द परका वाटायचं काही कारण नाही. आइती इस्पितळाच्या धुलाईखात्याची मुकादम होती. चादरींना इस्त्री करता करता तिनं चेहऱ्यालाही करून टाकली होती. मुलांना वेळेवर खाऊपिऊ घातलं, कपडे शिवले, आजारपणं काढली, पण हसली म्हणून नाही. ती गेली त्याला दोन हिवाळे झाले होते, वडील त्याच्याही आधी गेलेले. ती गेल्यापासून आयलाच्या मनाला एक किडा लागला होता. या बाईला आम्ही हवे तरी होतो का? आमच्यात ती कधी सुखी होती का?

आणि या किड्यावर तिच्याजवळ एकच औषध होतं. ती सात वर्षांची असतानाची कॅम्पवरची एक दुपार. तिचे वडील, त्यांच्या भाषेत इसा, सौनातून, म्हणजे वाफेच्या लाकडी खोलीतून, घामाघूम होऊन बादली घेऊन धक्क्यावर आले, पाय सटकला आणि बादलीसकट तळ्यात गेले. आणि आइती हसली. अशी हसली की धक्क्याचा खांब धरून खाली बसली. आधी नाकातून एक फुर्र, मग श्वास अडकल्यासारखं, मग वरवर चढत जाणारं, थांबता न थांबणारं. आयलानं ते हसू जन्मात एकदाच ऐकलं. मन खट्टू झालं की ती डोळे मिटून ते पुन्हा ऐकायची आणि तिचं तिला उत्तर मिळायचं. होती, आइती आमच्यात सुखी होती.

तर त्या रविवारी रेजनं विचारलं आणि आयलाच्या तोंडून हीच गोष्ट निघाली. नाव तेवढं हॉलिसचं घातलं. हॉलिसचे वडील, हॉलिसची आई, हॉलिसचा कॅम्प. परकी माणसं ऐकणार म्हणून एका ठिकाणी जरा सारवासारवही केली, आणि गोष्ट रंगवून सांगितली. रेजनं पाडायचा प्रयत्न केला, पण त्याला स्वतःलाच हसू आवरेना, मिशीला आयसिंग लागलेलं. शेवटी त्यानं घंटीवर हात मारला. टिंग. हॉलिसच्या आईचं पक्कं झालं.

पुढच्या रविवारी श्रोत्यांना ते वाक्य ऐकवायचं म्हणून रेजनं गेम लावला. जुनाट यंत्र, त्यात घासलेली डिस्क, इंटरनेटची तार त्याला कधी जोडलेलीच नाही. हॉलिस स्वयंपाकघरात आला, खिडकीपाशी उभा राहिला.

"त्या दिवशी आम्ही कॅम्पवर होतो, आणि आई... आई हसली."

रेज चावायचा थांबला.

हॉलिस बोलतच राहिला. अगदी सावकाश, चाचपडत, अंधारात पायरी शोधत उतरावं तसा. वडील सौनातून बाहेर आले. तपकिरी पोहायची चड्डी होती. हातात बादली होती. धक्क्यावर पाय सटकला. आई खांब धरून खाली बसली. मग तो गप्प झाला आणि त्या यंत्राच्या फुटक्या स्पीकरमधून हसू आलं. आधी नाकातून एक फुर्र, मग श्वास अडकल्यासारखं...

आयलाचा हात तोंडावर गेला. ते आइतीचं होतं. सारखंबिरखं नाही, तिचंच.

घाबरली का? छे, आधी तर ती लहान पोरीसारखी रडली आणि रडता रडता हसली. पुन्हा लाव म्हणाली. रेजनं पुन्हा लावलं. दोघांचा आधी एकमेकांवर आळ घेऊन झाला. तूच कुणाकडून तरी हे करवून घेतलंस, नाही, तूच केलंस. रेजला तर दूरचित्रवाणीचा रिमोट धड चालवता येत नाही हे दोघांना माहीत होतं, त्यामुळं ते भांडण फार चाललं नाही. मग गेममध्ये आधीपासूनच काहीतरी दडवलेलं असणार आणि योगायोगानं ते उघडलं असणार, असं ठरलं. योगायोग केवढा मोठा, यावर दोघंही बोलली नाहीत. आयलानं ते हसू आणखी कितीदा तरी ऐकलं आणि ती गाडीत गाणं गुणगुणत घरी गेली.

घरी तिनं कॉफी ठेवली. पाणी उकळेपर्यंत मनातल्या मनात एकदा ऐकू या म्हणून डोळे मिटले.

काही ऐकू आलं नाही.

धक्का दिसला, तळं दिसलं, आइतीचं तोंड उघडलेलं दिसलं, पण आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं. रंगही उतरलेले, हॉलिसच्या घरासारखे राखाडी. आणि बादली घेऊन इसा आले ते तपकिरी चड्डी घालून.

आयलानं डोळे उघडले. कॉफी उतू गेली, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. ही चड्डी तिनं स्वतः इसांना घातली होती, गेल्या रविवारी, माइकसमोर, परक्या माणसांची लाज म्हणून. मघाशी मी सारवासारव म्हणाले ती हीच. फिनिश माणूस सौनात अंगावर चिंधीसुद्धा ठेवत नाही. चड्डी घालून सौनात जाणं म्हणजे चपला घालून देवघरात जाण्यासारखं. इसांनी एक वेळ चर्च चुकवलं असतं, पण हे केलं नसतं. म्हणजे डोळ्यांसमोर दिसतंय ते खोटं, एवढं तिला कळत होतं. पण मग खरं काय होतं, हे काही केल्या आठवेना. त्या चड्डीमागं काहीतरी होतं, हसण्याचं खरं कारण तिथंच होतं, आणि ते गेलं होतं.

तिनं घाईघाईनं कॅल्गरीला आर्वोला फोन लावला. आर्वो तिचा मोठा भाऊ, त्या दिवशी तो कॅम्पवरच होता. इसा पाण्यात पडल्याचं त्याला आठवत होतं. तो मागच्या बाजूला लाकडं फोडत होता, धप्प आवाज ऐकला होता.

"आणि आइती हसली ते?" आयलानं विचारलं.

"हसली?" आर्वो म्हणाला. "अगं, कुणाच्या आइतीबद्दल बोलतेयस तू?"

म्हणजे ते हसू सबंध जगात आयलाच्या एकटीच्या कानात होतं, आणि आता तिथंही नव्हतं. ते होतं रेजच्या तळघरात, एका डिस्कवर, कधी जन्माला न आलेल्या माणसाजवळ. आयला स्वयंपाकघरात खाली बसली आणि ढसाढसा रडली. यावेळी त्यात हसणं नव्हतं.

मग तिनं रेजला फोन केला. रेज एरवी कशाचीही टर उडवतो, पण हे सगळं त्यानं एक शब्द न बोलता ऐकून घेतलं. आधी म्हणाला, डिस्क चुलीत घालतो. आयला म्हणाली, आणि हसूही त्याच्याबरोबर जळलं तर? यावर तो बराच वेळ घोरल्यासारखा श्वास घेत राहिला. विचार करताना तो तसंच करतो.

"हे बघ," शेवटी तो म्हणाला. "आपणच त्याला दिलंय. घंटी वाजवून दिलंय. मग घंटी वाजवूनच काढून घेऊ. पण नियमानं. तर्क पाडायचा, मगच रद्द."

"पाडणार कसा? गोष्ट खरी आहे."

"खरी आहे, पण त्याची आहे का?" रेज म्हणाला. "त्याला थापाडा ठरवायचं. हॉलिसला थापाडा ठरवण्यात या जगात तुझ्या तोंडाला तोंड देईल असं कोण आहे?"

दुसऱ्याच दिवशी आयला दवाखान्यातून लवकर निघाली. चार वाजून गेलेले, आणि डिसेंबरात तिकडं त्या वेळेला दिवस आवरता घेतात. रस्त्यावरचे दिवे लागले होते, तळ्याकडून येणाऱ्या वाऱ्यात भुरभुर बर्फ होतं. बर्निस चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेली होती. तळघरात हीटरची घरघर, ओल्या मोज्यांचा वास आणि टेबलावर पर्शियनचा नवा खोका, कारण रेजच्या मते उपाशीपोटी कुठलीच लढाई होत नाही. त्यानं माइक चालू केला, श्रोत्यांना नमस्कार वगैरे केला आणि गेम लावला.

हॉलिस नेहमी दारात उभा असतो. तिथून त्याला खोल्याखोल्यांतून न्यावं लागतं.

तो स्वयंपाकघरातच होता. खिडकीकडं पाठ करून, तोंड इकडं करून.

"तू नेलंस का त्याला तिथं...?" आयलानं हळूच विचारलं.

रेजनं आपले दोन्ही हात वर करून दाखवले. हातात पर्शियन होता.

हॉलिसनं गोष्ट सांगायला सुरुवात केली. कुणी विचारलं नव्हतं. आता तो चाचपडत नव्हता, भरभर, सवयीनं सांगत होता, आपल्या घरची गोष्ट माणूस सांगतो तशी. तपकिरी चड्डी, बादली, धक्का. आणि मग ते हसू. आयलानं टेबलाची कड घट्ट धरली. पुन्हा ऐकावंसं वाटत होतं, तेच तर भय होतं. दर खेपेला ऐकताना आतलं काहीतरी आणखी पुसट होत होतं. आता तिला धक्क्यावरचा खांबसुद्धा नीट दिसत नव्हता.

तिनं घसा साफ केला. कवळी न घासणाऱ्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात ज्या आवाजात विचारते, तो आवाज लावला.

"हॉलिस, तुझे वडील सौनातून आले. चड्डी घालून?"

या गेममध्ये हॉलिसला काही विचारायची सोयच नाही. तसं बटणच नाही.

"...हो," हॉलिस म्हणाला. "तपकिरी."

रेजनं हातातला पर्शियन खोक्यात परत ठेवला.

"कॅम्पवरचा सौना? लाकडाचा, तळ्याकाठचा?"

"हो..."

"मग ऐक," आयला म्हणाली. "कॅम्पवर कुणी सौनात चड्डी घालत नाही. कुणीच नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तुला माहीत नाही, कारण तू तिथं नव्हतास. तुला फक्त मी लोकांना सांगितलं तेवढंच ठाऊक आहे. तू कॅम्पचा नाहीस आणि ती आठवण तुझी नाही."

"घातली नव्हती तर... काय होतं?" हॉलिसनं विचारलं. फार गोड आवाजात विचारलं.

"अं हं," आयला म्हणाली. "ते नाही सांगायची मी." आणि खरं सांगायचं तर तिला तरी कुठं आठवत होतं.

रेजनं घंटीवर हात मारला. टिंग, टिंग. रद्द.

पडद्यावर हॉलिस तसाच उभा होता. त्याचा चेहरा जुन्या गेमांत असतो तसा, चार चौकोनांचा, त्यावर काही दिसायची सोय नाही. तरी आयलाला वाटलं, याला लागलं.

"मग ते हसू कुणाचं...?"

"माझ्या आइतीचं. दे ते."

पाण्याची चुबुकचुबुक.

"...माझ्याजवळ दुसरं काहीच नाही," हॉलिस म्हणाला.

आयलाला स्वतःचेच मागचे दोन हिवाळे आठवले, आणि त्या भरात तिच्या तोंडून ते निघून गेलं. थंडर बेची माणसं येता-जाता ते म्हणतात. नळ दुरुस्त करून निघालेल्या माणसाला म्हणतात, बँकेतल्या पोरीला म्हणतात, आपल्या गाडीला धडक देऊन माफी मागणाऱ्यालासुद्धा म्हणतात. आपण नाही का म्हणत, या एकदा घरी सवड काढून, तसंच. येत कुणी नाही आणि यावं अशी अपेक्षाही नसते.

"असू दे रे," आयला म्हणाली. "ये ना कधीतरी कॅम्पवर."

रेजला वाटलं, मिटलं एकदाचं. कार्यक्रम संपला की शेवटी घंटी वाजवायची त्याची सवय. त्यानं मोठ्ठा सुस्कारा सोडला आणि पंजा घंटीवर ठेवला.

टिंग. एकदाच.

स्वयंपाकघर रिकामं झालं. रेजनं बटणं दाबून बघितली, माळा, जिना, न्हाणीघर, सगळीकडं फिरून झालं. घर होतं, तळं होतं, हॉलिस कुठंच नव्हता. मग रेजला हसू फुटलं. पळाला म्हणाला, चड्डीच्या प्रश्नावर भला भला माणूस पळेल. दोघांनी खोका संपवला. आयला निघाली तेव्हा बर्फ थांबलं होतं.

पुलाच्या अलीकडं लाल दिव्याला तिनं गाडी उभी केली आणि तिला ते आठवलं.

सगळंच्या सगळं, रंगांसकट. सौनाचं दार धाडकन उघडलं आणि इसा बाहेर आले, नागडेउघडे, उकडलेल्या बीटासारखे लाल, आब राखायला पुढं तेवढी बादली धरलेली. आणि नेमकी त्याच वेळी धक्क्याजवळून पाद्रीबुवांची होडी चाललेली, आत पाद्रीबुवांचं अख्खं कुटुंब. पाद्रीबुवांनी टोपी काढली. इसा भला माणूस, त्यांनी लगेच अभिवादन म्हणून बादली वर केली. वर केल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग जो पाय सटकला... आणि आइती. आधी नाकातून एक फुर्र, मग श्वास अडकल्यासारखं, मग वरवर चढत जाणारं.

आयला गाडीत इतकी हसली की हिरवा दिवा येऊन गेला. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवून दमला आणि शेवटी बाजूनं निघून गेला. तिनं गाडी कडेला घेतली, डोळे पुसले. परत मिळालं होतं. आइती सुखी होती, आमच्यात होती, आणि कुणाला नाही तरी आर्वोला हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं होतं. तिनं फोन लावला आणि पाद्रीबुवांच्या होडीपासून सुरुवात केली.

"अगं, मला काय सांगतेस?" आर्वो हसत हसत म्हणाला. "मी नव्हतो का तिथं? खांब धरून हसत होती आइती. हॉलिसनं तिला दंडाला धरून ठेवलं म्हणून, नाहीतर इसांच्या मागोमाग तीही पाण्यात जायची."

आयलाचं हसू तोंडावरच राहिलं.

"...कोण हॉलिस?"

"कोण हॉलिस म्हणे. इतक्या वर्षांत त्याच्याशिवाय एक तरी उन्हाळा गेलाय का आपला?" आर्वोच्या आवाजात नुसती माया होती. "खरं तर त्यानंच काहीतरी कानात सांगितलं आइतीच्या, म्हणून ती हसली. काय सांगितलं ते दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही. बरा आहे ना गं तो? फोन करत असतेस ना त्याला?"

"आर्वो..." आयला म्हणाली. "तो... राहतो कुठं?"

"कॅम्पवर, दुसरं कुठं राहणार? हिवाळ्यात सांभाळायला कुणीतरी नको का तिथं?"

आर्वो पुढं आणखी काही सांगत होता, मुलांचं, कॅल्गरीच्या थंडीचं. आयलाच्या कानात शिरत नव्हतं. खिडकीच्या काचेवर पुन्हा बर्फ धरायला लागलं होतं. तिनं फोन मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि धक्क्यावर कोण कोण आहे हे बघायचं टाळून नुसतं आइतीचं हसू ऐकलं. ते जसंच्या तसं होतं, शेवटपर्यंत. मग ते संपलं, आणि ते संपल्यावरही कुणीतरी, जरा मागून, हसायला शिकत असल्यासारखं, हसत राहिलं.